मोबाइलची नोंदवही : मांडणी कशी असावी?

वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारात चोरीस गेलेला मोबाइल नवे सिमकार्ड घालून परराज्यात सुरू झाला, तर तो ओळखायचा कसा? सिमकार्ड बदलते, संचाचा 'आयएमईआय' क्रमांक मात्र कायम राहणे अपेक्षित असते. याच क्रमांकावर दूरसंचार विभागाची 'सीईआयआर' ही मध्यवर्ती नोंदवही उभी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा प्रारंभ महाराष्ट्रातून झाला आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' संकेतस्थळाद्वारे ती देशभर खुली झाली.

हा क्रमांक १५ अंकी असतो. पहिल्या ८ अंकांवरून उत्पादक व मॉडेल कळते, पुढील ६ अंक हा त्या संचाचा अनुक्रमांक असतो आणि शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. त्यामुळे नोंद करताना एखादा अंक चुकला, तर संगणकाच्या ते लगेच लक्षात येते.

अशा नोंदवहीची मांडणी करताना 'एक क्रमांक म्हणजे एक संच' असे मानण्याचा मोह होतो. तो घातक ठरतो. दोन सिमच्या संचाला दोन क्रमांक असतात. याउलट, २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच क्रमांकावर १३ हजारांहून अधिक संच चालू असल्याचे आढळले होते. अशा क्रमांकावर सरसकट बंदी घातली, तर चोराबरोबर निरपराध ग्राहकाचाही मोबाइल बंद पडेल.

म्हणून मॉडेल, संच, क्रमांक आणि स्थिती यांचे तक्ते वेगळे ठेवून ते परस्परांशी जोडणे इष्ट. स्थितीची जुनी नोंद पुसू नये. तक्रार, बंदी, संच सापडणे, बंदी उठविणे ही प्रत्येक घटना तारखेसह स्वतंत्र लिहावी. कोणता क्रमांक कोणत्या सिमबरोबर केव्हा दिसला, याचाही तक्ता हवा. एकच क्रमांक एकाच वेळी हिंगोलीत आणि दूरच्या शहरात दिसला, तर बनावटगिरीचा सुगावा त्यातूनच लागतो. मात्र हाच तक्ता नागरिकाच्या हालचालीही उघड करू शकतो. तो कोणी पाहावा व किती काळ जतन करावा, याची मर्यादा मूळ मांडणीतच घालून द्यायला हवी.

संचावर *#०६# दाबल्यास क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवावा. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार देऊन तिच्या प्रतीसह 'संचार साथी'वर बंदीची विनंती करावी. वापरलेला मोबाइल विकत घेण्यापूर्वीही त्याचा क्रमांक तेथे तपासून घेणे हिताचे.