रंगाचें पिस्तूल

एकाद्या हत्याराची परीक्षा कशावरून करावी, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें. त्याची गोळी किती दूर जाते, किती वेगानें जाते, आणि एका दमांत अशा किती गोळ्या सुटतात, हेंच लोक पाहतात. ही कसोटी खोटी आहे असें नाहीं. परंतु हत्यार हातांत आल्यावर तें धरणाराला कसें वागावयास लावतें, ही दुसरीहि एक कसोटी आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ही दुसरी कसोटी समजून घेण्यास अमेरिकेंत निर्माण झालेल्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या पिस्तुलाइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल. तें युद्धासाठीं झालें नाहीं, शिकारीसाठीं झालें नाहीं. आणि ज्या खेळामुळें तें जगाला ठाऊक झालें, त्या खेळासाठींहि तें झालेलें नव्हतें.

त्याचा जन्म झाडांना खुणा करण्याच्या कामांतून झाला. जंगलांतील कोणतीं झाडें तोडावयाचीं आणि कोणतीं राखावयाचीं हें आधीं ठरवून प्रत्येक झाडावर खूण करावी लागते. आपल्याकडील वनखात्यांत बुंध्याची साल तासून तीवर हातोड्यानें ठसा उमटविण्याची चाल आहे. अमेरिकेंत या कामीं रंग वापरूं लागले. मिशिगन संस्थानांतील आयर्न माउंटन या गांवीं १९४० सालीं स्थापन झालेली नेल्सन पेंट कंपनी असा रंग पुरवीत असे. परंतु रंग घेऊन प्रत्येक झाडापाशीं जावें लागे. मध्यें ओढा आला, दलदल आली किंवा कांटेरी जाळी आली, कीं दहा पावलांच्या अंतरासाठीं लांबचा वळसा पडे. गुरांच्या मोठ्या कळपांतून नेमकें जनावर हेरून त्याच्यावर खूण करणाऱ्या पशुपालकांचीहि हीच अडचण होती. अशा वेळीं माणसानें झाडाकडे जाण्याऐवजीं रंगच झाडाकडे फेकतां येईल काय, हा विचार सुचणें स्वाभाविक होतें.

फेकतां येईल अशी रंगाची गोळी करण्याची युक्ति औषधांच्या कारखान्यांत आयतीच तयार होती. १९३३ सालीं डेट्रॉइट येथें रॉबर्ट शेरर यांनीं एक यंत्र सिद्ध केलें होतें. त्यांत जिलेटिनच्या दोन मऊ पट्ट्या समोरासमोर फिरणाऱ्या दोन रुळांमधून जातात, रुळांवरील खळग्यांत त्या दाबल्या जातात, त्याच क्षणीं मध्यें द्रव औषध सोडलें जातें आणि कडा जुळून बंद गोळी खालीं पडते. माशाच्या तेलाच्या ज्या मऊ पिवळ्या गोळ्या घरोघरीं मुलांना देतात, त्या याच पद्धतीच्या. औषधाच्या जागीं रंग भरला कीं रंगगोळी झाली.

आतां ती फेकणारें साधन हवें होतें. १९६० नंतरच्या दशकांत हवाई बंदुका करणाऱ्या क्रॉसमन कंपनीनें ७०७ नांवाचें एक पिस्तूल केलें, पण तें बाजारांत चाललें नाहीं. मग नेल्सन कंपनी डेझी या दुसऱ्या बंदुका करणाऱ्या कंपनीकडे वळली. तेथील जेम्स हेल यांच्या पिस्तुलास १९७४ सालीं पेटंट मिळालें आणि नेल-स्पॉट ००७ या नांवानें तें वनरक्षकांच्या व पशुपालकांच्या हातीं गेलें.

हें ००७ चालतें कसें तें पाहूं. त्याची शक्ति म्हणजे कर्बद्विप्राणिद वायु. सोडावॉटरमध्यें फसफसतो तोच. बोटाएवढ्या पोलादी कुपींत तो बारा ग्रॅम वायु दाबून द्रवरूपानें भरलेला असतो. चाप ओढला कीं आंतील हातोडी झडपेवर आदळते, वायूची एक फुंकर सुटते, आणि सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची गोळी नळीबाहेर पडते. एवढें एकदां झालें कीं पिस्तूल गप्प. पुन्हां दट्ट्या हातानें मागें ओढावयाचा, पिस्तूल तिरपें करून नळीवरच्या पन्हळींतील पुढची गोळी घरंगळत जागेवर आणावयाची, दट्ट्या पुढें लोटावयाचा. मग दुसरा बार. पन्हळींत गोळ्या मावावयाच्या त्या दहा-एक.

नेमाच्या बाबतींतहि फारशी आशा धरावयास नको. नळीला आंतून आटे नसतात, गोळी अगदीं वाटोळी नसते, आणि तिच्या कवचाला सांधा असतो. त्यामुळें पंचवीस-तीस पावलांपलीकडे ती कोठें लागेल याचा भरंवसा उरत नाहीं. गोळी नळीच्या मानानें सैल असली तर वायु बाजूनें निसटून बार फुसका जातो. घट्ट असली तर ती आंतच फुटून नळी रंगानें बरबटते, आणि पुसून काढीपर्यंत पुढचे बार वांकडे जातात. दमट हवेंत जिलेटिन फुगतें व मऊ पडतें. थंडीचा त्रास तर याहून मोठा. कुपींतील दाब उष्णतेवर अवलंबून असतो. तो २० अंश सेंटिग्रेडला सुमारे ५७ वातावरणांइतका असतो, तर शून्य अंशाला ३५ च्या आसपास उतरतो. शिवाय द्रवाचा वायु होतांना कुपी आपोआप थंड होत जाते. म्हणून घाईनें लागोपाठ चार बार काढले तर पांचवा पहिल्यापेक्षां मंद जातो. उतावळ्या माणसाला शासन करण्याची व्यवस्था या यंत्रांत आयतीच होऊन बसली आहे.

झाडाला खूण करणाराला यांतील बहुतेक दोष बाधत नाहींत, कारण झाड पळून जात नाहीं. आणि कळपांतील बैल जागचा हलला तरी उलट बार काढीत नाहीं. या दोषांना खरा अर्थ आला तो समोर असेंच पिस्तूल घेतलेला माणूस उभा राहिल्यावर.

तो प्रसंग एका वादांतून उद्भवला. चार्ल्स गेन्स हे लेखक आणि हेज नोएल हे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत व्यवहार करणारे गृहस्थ. शहराच्या चढाओढींत जो टिकला त्याची सावधता रानांतहि उपयोगीं पडेल, असें नोएल यांचें म्हणणें. रानांत टिकण्याची विद्या रानांतच शिकावी लागते, असें गेन्स यांचें म्हणणें. असे वाद सामान्यतः जेवणाच्या मेजावर सुरू होतात आणि तेथेंच संपतात. परंतु शेतीच्या सामानाच्या एका सूचिपत्रांत हें पिस्तूल त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि वादाचा निकाल लावण्याचें साधन हातीं आलें. बॉब गर्न्सी या मित्राच्या साहाय्यानें त्यांनीं नियम बांधले. २७ जून १९८१ रोजीं न्यू हॅम्पशर संस्थानांतील हेनिकर गांवच्या रानांत बारा गडी हीं पिस्तुलें घेऊन उतरले. चार ठिकाणीं चार रंगांचीं निशाणें ठेविलीं होतीं. अंगावर डाग न पडूं देतां प्रत्येक रंगाचें एक निशाण मिळवून जो प्रथम बाहेर येईल तो विजयी. पक्ष नव्हते; प्रत्येक गडी उरलेल्या अकरांचा प्रतिस्पर्धी होता.

जिंकले ते रिची व्हाइट. ते धंद्यानें वनकर्मीच होते. त्यांनीं आडोशाआडोशानें जाऊन चारहि निशाणें मिळविलीं आणि सबंध खेळांत एकहि गोळी झाडली नाहीं. ज्या धंद्यासाठीं हें पिस्तूल निर्माण झालें, त्याच धंद्यांतील माणसानें तें न वापरतां बाजी मारली.

या गोष्टीकडे लोक मौजेची आख्यायिका म्हणून पाहतात. आमच्या मतें ती या पिस्तुलाची सर्वांत अचूक परीक्षा आहे. ज्या हत्याराचा एक बार फुकट गेला कीं दुसरा भरण्यांत कित्येक क्षण जातात, आणि तेवढ्यांत आपली जागा मात्र सर्वांना कळून चुकते, तें हत्यार चालविण्यापेक्षां न चालविण्यांत शहाणपण आहे. शत्रु जवळ येईपर्यंत दम धरणें, वाऱ्याची व पाचोळ्याची चाहूल घेणें, हातीं दहाच गोळ्या आहेत हें न विसरणें, हे सर्व गुण त्या अवजड, मंद पिस्तुलानें खेळणाराकडून सक्तीनें वसूल केले. त्याच्या उणिवांवरच तो खेळ उभा होता.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. त्याच वर्षीं एका प्रसिद्ध क्रीडासाप्ताहिकांत या खेळाचा वृत्तांत आला आणि गर्न्सी यांनीं त्याचा धंदाच मांडला. आरंभींच्या गोळ्यांतील रंग तेलाचा होता. तो अंगावरून काढावयास टर्पेंटाइन लागे. लवकरच पाण्यानें धुतला जाणारा रंग आला. १९८० नंतरच्या दशकांतच केवळ खेळासाठीं घडविलेलीं हलकीं पिस्तुलें निघालीं, पुढें नळीवर शंभर-शंभर गोळ्या मावणारे डबे बसले, आणि लहान कुपीच्या जागीं वायूची मोठी टांकी आली. १९९० च्या सुमारास चाप ओढतांच पुढची गोळी आपोआप जागेवर येऊं लागली. १९९६ पासून विजेवर चालणारे चाप निघाले. गोळ्या सेकंदाला दहा-पंधरा सुटूं लागल्या, तेव्हां स्पर्धा भरविणारांना त्या गतीवरच मर्यादा घालावी लागली. खेळहि रानांतून निघून उघड्या मैदानावर हवेनें फुगविलेल्या आडोशांमध्यें आला.

या प्रगतीला केवळ नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. पहिल्या बारा जणांच्या डोळ्यांवर कारखान्यांतील कामगारांचे साधे चष्मे होते. तीन ग्रॅमची गोळी जेव्हां सेकंदाला तीनशें फुटांच्या वेगानें येते तेव्हां अंगावर वळ उठतो आणि उघडा डोळा कायमचा जाऊं शकतो. आज सबंध चेहरा झांकणारा मुखवटा घातल्यावांचून मैदानांत पाऊल टाकूं देत नाहींत, आणि यंत्रानें वेग मोजून तीनशें फुटांची मर्यादा पाळली जाते. ज्यांना रानाची संवय नाहीं अशांनाहि या खेळाचा आनंद मिळूं लागला. हा लाभ लहान नव्हे.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. गेन्स आणि नोएल यांचा प्रश्न माणसाविषयीं होता, पिस्तुलाविषयीं नव्हता. ज्याच्याकडे गोळ्या अमाप, त्याला नेम धरण्याची फारशी गरज नसते. रंगाचा पाऊस पाडला कीं एकादी लागतेच. मग हार-जीत ठरविण्यांत पिस्तुलाच्या किंमतीला आणि गोळ्यांच्या खर्चाला स्थान मिळतें. १९८१ सालीं बाराहि जणांच्या हातांत एकच पिस्तूल होतें, म्हणूनच फरक दिसला तो माणसामाणसांतला. हत्यार जसजसें सुधारत गेलें तसतसा मूळ प्रश्न मागें पडला; त्याचें उत्तर मिळालें म्हणून नव्हे, तर तो विचारण्याची सवड उरली नाहीं म्हणून.

ही उणीव खेळणारांनाहि जाणवली असली पाहिजे. एरवीं बारा ग्रॅमची कुपी, हातानें ओढावयाचा दट्ट्या आणि नळीला समांतर पन्हळ, एवढ्यावरच खेळण्याचा जुना प्रकार आजहि मुद्दाम राखणारे लोक दिसले नसते. उत्तम यंत्र विकत मिळत असतां मंद यंत्र हातीं घेणाराला वेडा म्हणणें सोपें आहे. आम्हांस मात्र त्यांत शहाणपण दिसतें. सुधारलेलें साधन विकत घेतांना त्यानें आपलें कोणतें काम वांचविलें हें आपण अगत्यानें विचारतों. त्या कामाबरोबर आपला कोणता गुण निरुपयोगी झाला, हेंहि त्याच वेळीं विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी.