जुने लेखन आणि नवा नियम

लेखनाचे नियम ठरविणे हा केवळ वैयाकरणांचा उद्योग नव्हे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही तो करावा लागला आहे. पायथन ह्या संगणकभाषेची लेखनशैली सांगणारा 'पेप ८' हा दस्तऐवज जुलै २००१ मधला. भाषेचे जनक गिदो व्हान रॉसम आणि बॅरी वॉर्सॉ ह्यांच्या शैलीविषयक टिपणांतून तो सिद्ध झाला.

यंत्राला नावांच्या रूपाचे सोयरसुतक नसते. हे नियम वाचणाऱ्या माणसासाठी आहेत. फंक्शनचे नाव लहान अक्षरांत लिहावे, त्यातील शब्द अधोरेषेने जोडावेत. बाहेरून घ्यावयाची मॉड्यूले क्रमाने मांडावीत : आधी भाषेची स्वतःची, मग इतरांची, शेवटी आपली. रोमन लिपीतील लहान 'एल' हे एकाक्षरी नाव म्हणून वापरू नये, कारण काही टंकांत ते एक ह्या आकड्यासारखे दिसते. (हस्तलिखिते वाचणाऱ्यांना ही भीती नवी नाही.)

पण आम्हांला विशेष वाटले ते वेगळेच. ह्याच नियमावलीतील एका विभागाचे शीर्षक इमर्सनच्या १८४१ मधील 'सेल्फ-रिलायन्स' ह्या निबंधातून घेतले आहे, आणि त्यात अविचारी सुसंगतीची थट्टा आहे! पायथनच्या ग्रंथालयातील नावांत गोंधळ आहे, तो पूर्णपणे कधीच मिटणार नाही, अशी कबुलीही पुढे येते. नवे लेखन नियमाने व्हावे. जुन्या मॉड्यूलात मात्र त्याची अंतर्गत एकरूपता राखावी. म्हणून 'युनिटटेस्ट'मध्ये जावाच्या वळणाची नावे आजही नांदतात. 'थ्रेडिंग'मध्ये २००८ साली नवी नावे आली, जुनी शेजारी राहिली. त्यांपैकी अनेक त्याज्य ठरली ती थेट २०२१ मध्ये.

आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. जुन्या लेखनाचा प्रश्न त्यांनाही टाळता आला नाही. केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे, ह्या दोघांचेही धरून, नव्या नियमांप्रमाणे. सीमारेषा आखणे अपरिहार्य होते हे मान्य; ती येथे आखणे आम्हांला पटत नाही. केशवसुतांचे निधन १९०५ मधले. म्हणजे त्यांच्या कवितेला लागू होणारे नियम त्यांच्यामागून अर्धशतकाहून अधिक काळाने जन्मले.

ह्यात केवळ टिंबे गेली असे नाही. अनुच्चारित अनुस्वार असलेले 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन, त्यावाचूनचे 'ते' पुल्लिंगी अनेकवचन. हा भेद डोळ्यांना दिसत असे. अनुस्वार गेला की तो संदर्भावरून ताडावा लागतो, आणि कवितेत संदर्भ नेहमीच साह्याला येतो असे नाही. पायथनकारांनी जुने नाव नव्याशेजारी वर्षानुवर्षे राहू दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र मूळ पाठ शेजारी नसतो. तो वर्गात दाखवावयाचा तर अध्यापकाला स्वतःच अन्यत्र शोधावा लागतो.