ओट्यावरची भट्टी

दिवाळीच्या सुमारास विजेच्या उपकरणांच्या दुकानांत गेलें, तर एकाच फळीवर तीन निरनिराळ्या नांवांच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. एकीस ‘ओटीजी’ म्हणतात, दुसरीस ‘कन्व्हेक्शन ओव्हन’, तिसरीस ‘एअर फ्रायर’. किंमती निराळ्या, जाहिराती निराळ्या, आणि विक्रेता प्रत्येकीविषयीं जें सांगतो तें ऐकून घेणाऱ्याचा गोंधळ मात्र वाढत जातो. वस्तुतः या तिघींचें कूळ एक आहे. त्या कुळांत कोण कोण होऊन गेले, आणि कांहीं हजार रुपये मोजण्यापूर्वीं तें ठाऊक असलें तर काय उपयोग होतो, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

श्रोतेहो, भट्टी ही आपल्या स्वयंपाकघराची मूळची वस्तु नव्हे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. आपला स्वयंपाक चुलीवरचा. चुलीची आंच खालून वर जाते. तीवर तवा ठेवा, कढई ठेवा, पातेलें ठेवा, पदार्थाला ऊब मिळते ती तळाकडून. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांपुढें उभी करतात, तेवढाच काय तो अपवाद. चहूंकडून कोंडलेल्या उष्णतेंत पदार्थ भाजण्याची कल्पना मात्र आपल्याला अगदींच अपरिचित होती असें नाहीं. पातेल्यावर ताट झांकून त्यावर निखारे ठेवले, म्हणजे खालून-वरून आंच लागते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचें भानोलें या रीतीनें होत असे, आणि गोव्याची बेबिंक तर जवळजवळ सगळी वरच्या आंचेवरच तयार होते. नारळाचें दूध, अंड्यांचा बलक, साखर व मैदा यांचें सरबरीत मिश्रण थोडेंसें ओतावयाचें, झांकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून तो थर तांबूस होऊं द्यावयाचा, त्यावर तूप सोडावयाचें आणि मग दुसरा थर ओतावयाचा. सात थर होईपर्यंत करणारीला विस्तवापासून हलतां येत नाहीं.

पाव मात्र बाहेरून आला. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतला. त्यांच्या मागोमाग पावाची भट्टी आली, आणि तिच्याबरोबर पोदेर हा नवा धंदेवाईक आला. पुढें गोंवेकरांनीं हा धंदा मुंबईस नेला व त्यांच्या जोडीस इराणी आले. शहरांतील घरांनीं भट्टी आपल्या घरांत आणली नाहीं. घरचें सामानच भट्टीकडे नेलें. मैदा, साखर व तूप घेऊन बेकरींत जावें, आपल्या पाळीची वाट पाहावी आणि नानकटाईनें भरलेले पत्र्याचे डबे घेऊन परतावें, हा पुण्या-मुंबईकडे दिवाळीच्या तयारीचाच एक भाग होता. युरोपांतही सामान्य लोकांची रीत फारशी वेगळी नव्हती. फ्रान्समध्यें तर जहागीरदाराच्या भट्टींतच भाकर भाजून घ्यावी आणि त्याबद्दल त्याला मोबदला द्यावा, अशी सक्ती होती. राज्यक्रांतीनें १७९३ सालीं असे हक्क समूळ काढून टाकले, तेव्हां कोठें शेतकऱ्याची भाकर मोकळी झाली. भट्टी बांधावयास विटा, जागा आणि सरपण लागतें. तें ज्याच्यापाशीं, त्याच्या दारीं इतरांनीं जावयाचें, असा हा शतकानुशतकांचा व्यवहार होता. तीच भट्टी ओट्याच्या कोपऱ्यांत येऊन बसली, तिचा हा इतिहास आहे.

या इतिहासाचा नायक एक विलक्षण गृहस्थ आहे. बेंजामिन थॉम्प्सन याचा जन्म १७५३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं वोबर्न गांवीं झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रज राजाचा पक्ष घेतला आणि बायकोमुलीस मागें ठेवून तो इंग्लंडास निघून गेला. तेथून बव्हेरियाच्या अधिपतीच्या पदरीं राहिला. म्यूनिच शहरांत त्यानें सैन्याची व्यवस्था सुधारली, १७९० सालीं भिकाऱ्यांना उचलून कामाला लावलें व त्यांच्या अन्नाची सोय केली. या सेवेबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली, आणि आपल्या जुन्या गांवाचें नांव घेऊन तो काउंट रम्फर्ड झाला. स्वभावानें मोठा अहंमन्य होता. मित्र जोडण्यापेक्षां तोडण्यांत त्याची ख्याति अधिक. परंतु शंभर माणसांचें अन्न कमींत कमी सरपणांत कसें शिजेल, या प्रश्नाला आपली शास्त्रीय बुद्धि वाहणारा त्याच्यासारखा दुसरा पुरुष त्या काळीं क्वचितच सांपडेल.

सैनिकांना उबदार पण हलके कपडे कसे द्यावे, याचा विचार करतां करतां रम्फर्डच्या ध्यानांत आलें, कीं लोंकर, पिसें, कातडीवरची लव यांची ऊब ही त्या पदार्थांपेक्षां त्यांत अडकून राहिलेल्या हवेची असते. स्तब्ध हवा उष्णतेला पुढें जाऊं देत नाहीं. उष्णतेवरील अशा संशोधनाबद्दल १७९२ सालीं रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ले पदक दिलें. हवा उष्णतेचें वहन मुळींच करीत नाहीं असें तो म्हणे, तें पुढें चुकीचें ठरलें. ती वहन करते, पण फार थोडें. स्वयंपाकापुरता मात्र त्याच्या सिद्धांताचा उलटा भाग अगदीं बिनचूक होता. स्थिर हवा जर पांघरूण होते, तर हलती हवा तें पांघरूण ओढून नेईल.

त्या काळीं इंग्लंडांत मांस भाजीत तें उघड्या विस्तवासमोर, सळईवर फिरवून. सळई फिरविण्यास माणूस लागे. कित्येक घरांत चाकांत कुत्रें चालवून त्याच्याकडून हें काम घेत. वेल्समधील अ‍ॅबरगॅव्हेनीच्या संग्रहालयांत अशा एका कुत्र्याचा पेंढा भरलेला देह ठेवलेला आहे. निम्मीअधिक उष्णता धुराड्यांतून वर जाई आणि उरलेली बिचाऱ्या आचाऱ्याला भाजीत असे. रम्फर्डनें अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर जी युक्ति काढली ती अशी: लोखंडी पत्र्याचा एक नळकांड्यासारखा आडवा डबा विटांच्या बांधकामांत बसवावयाचा व त्याच्याखालीं लहानसा बंदिस्त विस्तव ठेवावयाचा. विस्तवावरून दोन लोखंडी नळ्या नेऊन त्यांचीं तोंडें डब्यांत मागच्या बाजूस सोडावयाचीं, आणि वर वाफ जाण्यास एक झडपेची नळी ठेवावयाची. मांस आंत शिजून होत आलें, म्हणजे नळ्यांचीं बुचें आणि वरची झडप उघडावयाची. तापलेली कोरडी हवा सपाट्यानें मांसावरून वाहते, त्याच्याभोवतीं सांचलेली वाफ घेऊन जाते, आणि वरची बाजू खरपूस तांबूस होते. पंखा नाहीं, वीज नाहीं. परंतु दुकानांत ज्याला ‘कन्व्हेक्शन’ म्हणतात आणि शालेय पुस्तकांत ज्याला अभिसरण म्हणतात, तें हेंच.

अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायरमध्यें पोर्ट्समथ येथें १८०७ सालीं बांधलेलें रंडलेट-मे नांवाचें घर जतन केलें आहे; त्याच्या स्वयंपाकघरांत रम्फर्डची ही भट्टी पाहावयास मिळते. पण घरोघर ती गेली नाहीं. गवंडी हवा, लोहार हवा, आणि बुचें केव्हां उघडावयाचीं हें समजणारा आचारी हवा. कारखान्यांत ओतलेल्या लोखंडी शेगड्या निघाल्या तेव्हां लोकांनीं त्या घेतल्या, आणि वाहत्या हवेची कल्पना मागें पडली. चांगली युक्ति केवळ चांगली असून भागत नाहीं. ती गाडीवरून आणून ठेवतां आली पाहिजे.

पुढचीं शंभर वर्षें मी लवकर ओलांडतों. इंग्लंडांत जेम्स शार्प यानें १८२६ सालीं गॅसच्या चुलीची सनद घेतली. कॅनडांतील ओटावा शहरीं १८९२ सालीं टॉमस अहर्न यानें एका हॉटेलांतील मेजवानी सर्वस्वी विजेवर शिजवून दाखविली. विजेची अडचण तारेची होती. तापून लाल झालेली तार हवेंत लवकर जळून जाई. १९०६ सालीं अल्बर्ट मार्श यानें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची सनद मिळविली. या धातूवर तापल्यावर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरतो, म्हणून ती टिकते. आपल्या घरांतील इस्त्रीपासून ओव्हनच्या दांडीपर्यंत सर्वत्र हीच धातु राबत आहे.

उष्णता मिळाली, पण ती मोजावयाची कशी? जुन्या बायका भट्टींत हात घालून किती आंकडे मोजेपर्यंत सोसवतो तें पाहत, किंवा कागदाचा तुकडा टाकून तो किती वेळांत पिंगट होतो त्यावरून अंदाज बांधीत. १९२३ सालीं इंग्लंडांत गॅसच्या भट्टीला ‘रेगुलो’ नांवाचा नियंत्रक बसविण्यांत आला. एक बटण ठराविक आंकड्यावर फिरवावें आणि आंतील उष्णता त्यानें आपोआप सांभाळावी. या बटणानें काय केलें, याचा पुरता विचार आपण करीत नाहीं. आईच्या हातांत असलेली विद्या यामुळें प्रथमच पुस्तकांत छापतां येऊं लागली. ‘मध्यम आंच’ जाऊन तिच्या जागीं आंकडा आला, आणि जिला कोणी शिकविलें नाहीं तिचाही केक फुगूं लागला. ज्यांना यांत कलेचा ऱ्हास दिसतो, त्यांनीं एकदां तापलेल्या भट्टींत हात घालून पाहावा.

पंखा आला तो मात्र आकाशांतून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेचीं विमानें सैनिकांना घेऊन समुद्र ओलांडीत, आणि त्यांना आकाशांत गरम जेवण द्यावें कसें हा प्रश्न होता. विल्यम मॅक्सन यानें शिजवून गोठविलेलीं जेवणें तयार केलीं, व तीं गरम करण्यासाठीं १९४५ सालीं एक हलकी भट्टी बनविली. तिच्या आंत पंखा होता, आणि तो गरम हवा सर्व ताटांभोवतीं सारखी फिरवी. तिला त्यानें वावटळीचें नांव दिलें. १९४७ सालीं मॅक्सन वारला आणि त्याचा उद्योग ओसरला. पण रम्फर्डच्या नळ्यांचें काम पंख्यानें करतां येतें, हें विमानांत सिद्ध झालें होतें.

योगायोग असा, कीं त्याच १९४५ सालीं पर्सी स्पेन्सर यानें रडारच्या लहरींनीं अन्न तापविण्याच्या पद्धतीच्या सनदेसाठीं अर्ज केला. त्यांतून मायक्रोवेव्ह निघाला. प्रथम तो कपाटाएवढा होता. १९६७ सालीं ओट्यावर मावेल असा ४९५ डॉलरांना विकूं लागले. माझ्या मतें ओट्यावर विजेची पेटी ठेवण्याची संवय लोकांना यानेंच लावली. परंतु मायक्रोवेव्हमध्यें पदार्थाचा पृष्ठभाग पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसा वर जात नाहीं, आणि खरपूसपणा येण्यास सुमारें १४० अंशांच्या पुढें जावें लागतें. म्हणून भात गरम होतो, पाव मात्र मऊच राहतो. ही उणीव भरून काढण्यास १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत पंख्याच्या लहान भट्ट्या घरगुती बाजारांत आल्या. २०१० सालीं फिलिप्स कंपनीनें ‘एअर फ्रायर’ आणला. त्यांत तळणें नाहींच; आंखूड पेटी, वर तापलेली तार, तिच्यावर जोराचा पंखा आणि खालीं जाळीची टोपली. पेटी लहान म्हणून वारा जोराचा, वारा जोराचा म्हणून कुरकुरीतपणा लवकर. रम्फर्डला ती दाखविली असती, तर त्यानें तात्काळ ओळखली असती आणि कल्पना आपली चोरली म्हणून भांडणही काढलें असतें.

आतां दुकानाकडे वळूं. साध्या ओटीजींत वर व खालीं तापणाऱ्या दांड्या असतात. पंखा असेलच असें नाहीं, तेव्हां विचारून घ्यावें, आणि विक्रेत्याला तो चालवून दाखवावयास सांगावें. पंख्याभोवतीं स्वतःची तार असेल तर उष्णता अधिक सारखी पसरते. नुसता पंखा असेल तर तो दांड्यांचीच उष्णता ढवळतो, आणि तेंही कांहीं कमी नाहीं. पेटीवर छापलेल्या लिटरांपेक्षां आंतली रुंदी महत्त्वाची. घरचें ताट बरोबर नेऊन बसवून पाहण्यांत लाज कसली? पंधराशें वॅटची भट्टी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते, आणि आपल्या भिंतींतलें लहान सॉकेट सहा अँपिअरचेंच असतें. तिला सोळा अँपिअरचें मोठें सॉकेटच पाहिजे. वाढीव वायरीवर ती कधींही चालवूं नये. मागें व दोन्ही बाजूंस चार-चार बोटें मोकळी जागा ठेवावी, आणि कांचेच्या दारापासून मुलांना दूर ठेवावें.

वापरतांना एवढें ध्यानांत असावें, कीं पंखा त्या अदृश्य पांघरुणावर घाला घालतो. म्हणून पुस्तकांत १८० अंश लिहिले असतील तर पंख्याच्या भट्टींत १६० पुरतात. ताटें एकमेकांस चिकटवून, कांठोकांठ भरून ठेवलीं तर वाऱ्याला वाटच राहत नाहीं, आणि ज्यासाठीं पैसे मोजले तेंच आपण बंद करतों. उंच कडांच्या ताटांतली नानकटाई फिक्की राहते. सपाट पत्र्यावर ती चहूंकडून भाजते. बटणावरच्या आंकड्यावर मात्र फार भिस्त ठेवूं नये. भट्टींत ठेवावयाचा लहानसा उष्णतामापक वेगळा मिळतो. पहिल्या आठवड्यांत तो आंत ठेवून आपली भट्टी किती खोटें बोलते तें समजून घ्यावें.

मुंबईच्या लांकडी भट्ट्यांचे दिवसही पालटत आहेत. २०२५च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणांत लांकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितलें. शहराच्या श्वासाचा विचार करतां तें योग्यच आहे, परंतु लांकडाच्या विस्तवाचा वास ज्या पावाला होता तो पाव आठवणाऱ्यांना वाईट वाटणेंही साहजिक आहे. ओट्यावरची भट्टी तो वास देऊं शकत नाहीं, आणि तशी जाहिरात कोणी केली तर ती मानूं नये.

बेबिंक मात्र तिच्यांत उत्तम होते. नारळाच्या सोडणांचें काम वरची दांडी करते आणि करणारीच्या डोळ्यांत धूर जात नाहीं. खालची दांडी बंद ठेवावी, म्हणजे आधींचे थर करपत नाहींत. एक थर तांबूस झाल्यावर तूप सोडून दुसरा ओतावा. पातळ मिश्रणावर वारा लागला तर त्याला लाटा पडतात, तेव्हां पंखाही बंद.