लाँचचा सायलेन्सर

भाटघरच्या जलाशयावर लाँच दिसायच्या आधी ऐकू यायची. डोंगराच्या वळणाआड ती असतानाच टक-टक-टक असा आवाज पाण्यावरून घसरत यायचा आणि काठावर बसलेली माणसं गाठोडी आवरायला लागायची. मी ऐंशीच्या सुमाराची गोष्ट सांगतोय. वेळवंड खोऱ्यातल्या माणसांना भोरच्या बाजाराला यायचं तर रस्ता डोंगराच्या घडीघडीतून फिरत जायचा. पाण्यावरून मात्र सरळ वाट होती. घड्याळ फार थोड्यांकडे होतं. इंजिनाचा आवाज हेच वेळापत्रक.

भोरात माझ्या मामूंचं वेल्डिंगचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना मामूच म्हणे. नांगराचे फाळ, बैलगाडीच्या धावा, गिरणीच्या इंजिनाचे पाइप असलं काम. अधूनमधून लाँचचा गंजून चाळणी झालेला सायलेन्सर यायचा. आम्ही पोरं त्यातली काजळी तोंडाला फासून घ्यायचो आणि घरी मार खायचो.

या सायलेन्सरचा इतिहास पुष्कळ मागे जातो. रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ साली अर्ज केला. भाटघरचं पहिलं धरण याच सुमारास उभं राहत होतं. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस आजची मोठी भिंत झाली, तिला गव्हर्नर लॉइडचं नाव मिळालं, आणि आता आपण त्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतो. डिझेलचं इंजिन नीट चाललं ते १८९७ साली, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतात रीव्हज नावाच्या दोघा भावांनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या गाडीच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत, असं सांगतात. आवाज करणारा आणि आवाज दाबणारा असे दोघे एकाच सालचे. १९०३मध्ये डिझेल इंजिन नावेत बसलं. फ्रान्समधल्या कालव्यावरची एक नाव आणि रशियात व्होल्गावरचं तेलाचं एक जहाज ही त्यातली पहिली. स्वतः डिझेल १९१३ साली बोटीतून इंग्लंडला जाताना रात्री नाहीसा झाला. त्याचं प्रेत समुद्रात सापडलं.

आपल्याकडे हे इंजिन रुजलं ते विहिरीवर आणि गिरणीत. साताऱ्याला कूपरांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं होऊ लागली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि मग मावळातल्या वाडीवस्तीवर हा ठोका पोचला. गिरणीवाले तर धुराड्याच्या तोंडावर मुद्दाम पत्र्याचा डबा बसवत. त्यातून पुक-पुक आवाज निघे, म्हणजे दळण घेऊन या.

आता सायलेन्सर करतो काय? सिलिंडरमधून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्का म्हणजे एक फटाका. तो मोठ्या डब्यात सोडला की पसरतो, आतल्या भोकाभोकांच्या नळ्यांतून आणि आडव्या पडद्यांतून जाता जाता त्याचा जोर मोडतो. पण फार अडवलं तर इंजिन गुदमरतं, तापतं, डिझेल जास्त पितं. मामूंचा नियम साधा होता : इंजिनाच्या तोंडापेक्षा पाइप बारीक नको, डबा सिलिंडरच्या कितीतरी पट मोठा हवा, आणि कोपरे जितके कमी तितके बरे. गाडीला एवढं पुरतं. नावेला पुरत नाही. पाइपाचं बाहेरचं तोंड पाण्यापासून हातभर उंच लागतं, आणि आत पाइपाला बगळ्याच्या मानेसारखा बाक द्यावा लागतो. नाहीतर बंद इंजिनात लाटेचं पाणी उलटं शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पुन्हा इंजिन चालू केलं की आतला दांडा वाकलाच म्हणून समजा. लाकडाला चटका बसू नये म्हणून गरम पाइपाला तेव्हा अ‍ॅसबेस्टॉसची दोरी गुंडाळत. ती फुप्फुसाला किती वाईट हे आज आपल्याला माहीत आहे. मामू ती दाताने तोडत.

एका पावसाळ्यात मामूंनी लाँचला चांगला दणकट सायलेन्सर बसवला. आवाज इतका कमी झाला, की चार दिवसांत तक्रारी आल्या. लोकांची लाँच चुकायला लागली! एक म्हातारी तर दुकानात येऊन म्हणाली, "मामू, तुम्ही लाँच मुकी केली." मामूंनी आतला एक पडदा कापून काढला. या खेरीज त्यांनी स्वतःच्या कामात कधी खोट ठेवल्याचं मला आठवत नाही.

पण त्या लाँचची दुसरी एक आठवण माझ्या घरातली आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आषाढात माझी आई आणि धाकटी बहीण लाँचने येत होत्या. पावसाच्या झडीमुळे चहूबाजूंची ताडपत्री खाली सोडलेली, वारा मागून, आणि सायलेन्सरच्या सांध्याला चीर. उतरताना बहीण उभी राहीना. आईचं डोकं ठणकत होतं. लोक म्हणाले, लाँच लागली असेल. मामूंनी बहिणीला उघड्यावर पावसात नेऊन बसवलं, तासाभराने ती बोलायला लागली. मग ते सरळ लाँचवर गेले आणि सांध्यावरून हात फिरवत बसले.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हे आपल्याकडे आजीला ठाऊक असतं. कारण तेच : कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सच्या क्लोद बेर्नारने हे दाखवलं, आणि शतक संपता संपता जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने स्वतः हा वायू हुंगून त्याची मोजदाद केली. कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातला पक्षी न्यायची सूचनाही त्याचीच.

त्याच बहिणीचा मुलगा सध्या इंग्लंडमध्ये आहे. घरभाडं परवडेना म्हणून कालव्यावरच्या लांबुळक्या नावेत राहतो. तिथल्या थंडीत नावेत डिझेलचा हीटर लागतो, विटेपेक्षा थोडा मोठा. त्यालाही धुराचा पाइप आणि सायलेन्सर असतो, कारण शेजारच्या नावेतली माणसं रात्री आवाज खपवून घेत नाहीत. याने पैसे वाचवायला ट्रकच्या हीटरचा सायलेन्सर घेतला. गाडीच्या सायलेन्सरला खाली बारीक भोक असतं, धुरातलं साचलेलं पाणी गळायला. गाडीखाली उघडी हवा, तिथे बिघडत नाही. नावेत तो डबा फळीखाली बंद जागेत, आणि ते भोक सरळ घरात. नावेसाठीचा डबा पूर्ण वेल्डिंगचा, वायू न सुटणारा घ्यावा लागतो. सांधे घट्ट, पाइपाला बाहेरच्या तोंडाकडे उतार. तिथे २०१९पासून अशा नावांत या वायूचा गजर लावणं सक्तीचं आहे. पहाटे तो वाजला म्हणून पोरगा उठला.

त्याने फोन मला केला. मी कवी माणूस, मी काय सांगणार! फोन मामूंच्या हातात दिला. पंच्याऐंशी उलटलेत, कानाला यंत्र आहे. सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि घरच्या दखनीत म्हणाले, "पैले हीटर बंद कर, खिडक्यां खोल. वो डब्बा निकाल के फेक दे."

मग फोन परत देताना मला विचारलं, "त्याच्या आईला सांगितलं का?" मी अजून सांगितलेलं नाही.