राजीनाम्याचे दोन अर्थ : भोपाळातील मराठी आणि हिंदी



इंग्रजीच्या तासाला आपण सर्वांनी एक यादी पाठ केली आहे. कानाला सारख्या, अर्थाने निराळ्या शब्दांची. कागद-पेन्सिलीची 'स्टेशनरी' वेगळी आणि जागचे न हलणारे 'स्टेशनरी' वेगळे. शाळेचे 'प्रिन्सिपल' वेगळे आणि ज्यावर ते आम्हांला उपदेश करीत ते 'प्रिन्सिपल' वेगळे. इंग्रजीत निदान एखाद्या अक्षराचा फरक असतो; देवनागरीत तोही पुसला जातो. या यादीपायी आपण पुष्कळ गुण गमावले. परंतु ज्या जोडशब्दांशी भोपाळच्या मराठी माणसाची जन्मभर गाठ पडते, त्यांची यादी आपल्याला कोणी दिली नाही. लिपी एक, शब्द एक, आणि मराठीत व हिंदीत अर्थ दोन. हा विषय वरवर व्याकरणाचा दिसतो. माझ्या मते तो इतिहासाचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. तोवर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सचिवालयातील अनेक कुटुंबे मात्र फायलींबरोबर इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडची मराठी मंडळीही आली. ज्या शहरात सिकंदर बेगमांच्या काळी फारसीची जागा उर्दूने घेतली होती, तेथे आता संस्कृतप्रचुर राजभाषेची हिंदी बसू लागली. डॉ. रघुवीर यांनी त्या परिभाषेचा मोठा भाग नागपुरातच घडविला होता. अशा रीतीने एकाच मेजावर तीन दप्तरे आली.

त्यांतला 'राजीनामा' हा शब्द पाहा. मूळ फारसी अर्थ संमतिपत्र. उत्तरेकडील दिवाणी कचेऱ्यांत वादी-प्रतिवादींनी आपसांत तडजोड करून लिहून दिलेला कागद तो राजीनामा. मध्यप्रदेशातील न्यायालयांत हा अर्थ आजही चालतो. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात मात्र खातेदार आपल्या जमिनीवरील हक्क सोडताना राजीनामा लिहून देई, आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. दोन्ही ठिकाणी संमती आहेच. एकीकडे ती भांडण मिटविण्याची, दुसरीकडे जवळचे सोडून देण्याची. जमीन सोडण्याच्या त्या कागदाच्या शेजारीच नोकरी सोडण्याचा कागद ठेवून पाहा, म्हणजे मराठी अर्थ परका वाटणार नाही. नागपूरहून नुकत्याच बदलून आलेल्या कारकुनाने 'दोनों पक्षों में राजीनामा हो गया' हे वाक्य प्रथम ऐकले, तर दोघांनीही नोकरी का सोडली, असाच प्रश्न त्याला पडावा.

आपली 'रजा' याच कुळातली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती, खुशी. वरिष्ठांची संमती मिळाली की घरी जाता येते. म्हणून मराठीत संमतीच सुटी होऊन बसली. हिंदीत तिला 'अवकाश' म्हणतात, आणि मराठी मुलाला अवकाश म्हटले की ग्रहतारे आठवतात. 'सही'चीही तीच कथा. 'बरोबर आहे' असा शेरा मारता मारता शेऱ्याखालची निशाणीच मराठीत सही झाली. हिंदीत ती अजून 'बरोबर'च आहे.

सर्वांत गमतीची अदलाबदल 'आपत्ती' आणि 'हरकत' यांची. नगरपालिकेच्या सूचनेत अमुक दिवसांत 'आपत्ति' मागविल्या असतात. मराठी वाचक म्हणेल, संकटे मागवून कशी घेता येतील? तो ज्याला हरकत म्हणतो ते हिंदीत आपत्ति, आणि हिंदीतील हरकत म्हणजे हालचाल, बहुधा आगाऊपणाची. अरबी मूळ अर्थ हालचाल हाच आहे. त्या बाबतीत हिंदी मुळाजवळ राहिली, मराठी दूर गेली.

संस्कृत शब्दांनीही आपल्याला एकत्र ठेवले नाही. 'यातायात' म्हणजे जाणे-येणे. हिंदीने त्यातून रहदारी घेतली, मराठीने दगदग घेतली. (हमीदिया रस्त्यावर संध्याकाळी दोन्ही अर्थ एकदम पटतात.) 'शिक्षा' हे सहा वेदांगांपैकी एकाचे नाव, हिंदीत ती विद्या राहिली, मराठीत दंड झाली. आमच्या पिढीला दोन्ही अर्थ एकाच तासाला मिळत. 'संशोधन' म्हणजे शुद्ध करणे. विधानसभेत विधेयकाला संशोधन येते तेव्हा ती दुरुस्ती असते. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या नावाचा हिंदी कानाला होणारा अर्थ, इतिहासात फेरफार करणारे मंडळ, असा काहीसा होईल.

आणि 'तह'? डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे माळव्यासंबंधीचा तह झाला. आज येथल्या मुलांना तह म्हणजे कपड्याची घडी.

राजवाडे आणि माधवराव पटवर्धन यांनी मराठीतील फारसीचा शोध घेतला. पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ चा. त्यांची दृष्टी मराठी भाषेच्या आतली होती. आपली अडचण आणि आपले भाग्य असे की, आपण दोन अर्थांच्या मधोमध राहतो. येथील मराठी घरांतील मुलगा 'मी खूप चेष्टा केली, पण गणित सुटले नाही' असे म्हणतो. हिंदीत ती खटपट, मराठीत थट्टा. त्याला हसणारे पाहुणे पुण्याहून येतात, आणि मला त्यांचा राग येतो. कारण मुलाचा अर्थ संस्कृताला धरून आहे आणि पाहुण्यांचाच पुढे सरकलेला आहे. तरीही मी त्या मुलाला थांबवून मराठी अर्थ सांगतो. शुद्धतेच्या हट्टाने नव्हे. आपल्या घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत, नागपूर-अमरावतीची जुनी पत्रे आहेत. 'प्रकृती ठीक नाही, रजा मिळाल्यास येऊन जावे', असे एखाद्या पणजीने लिहिले असेल, तर पणतवाला त्यात निसर्गाचे वर्णन आणि कुणाची तरी मर्जी दिसेल. प्रत्येक अक्षर त्याला वाचता येईल, आणि बोलावणे मात्र पोहोचणार नाही.