जुन्या मोटारीचा गंजलेला तळ : वऱ्हाडातील जीप आणि फियाट

अमरावती व अकोला जिल्ह्यांत जुन्या वाड्याच्या पडवीत किंवा शेतातील गोठ्याशेजारी एखादी विलीज बनावटीची जीप अथवा फियाट मोटार आजही उभी आढळते. युद्धकाळात अमेरिकेत जन्मलेल्या विलीज जीपची जोडणी महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1950 च्या दशकापासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाजारात आणली; 1974 पासून तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. या गाड्यांचे इंजिन बहुधा दुरुस्त होते. गाडी भंगारात जाते ती तिच्या पत्र्यामुळे, आणि त्यातही तळाच्या पत्र्यामुळे.

खारपाण आणि काळी माती

वऱ्हाडात समुद्र नाही, मग येथे गंज एवढा का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या परिसरातील खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. बोअरच्या अशा पाण्याने गाडी धुतली की पाणी उडून जाते, क्षार मात्र पत्र्याच्या सांध्यांत साचून राहतात. हे क्षार ओलावा धरून ठेवतात आणि गंजण्याची क्रिया वेगाने घडवतात.

दुसरे कारण काळी माती. ओली असताना ती मडगार्डच्या आतील कोपऱ्यांत लिंपल्यासारखी चिकटते आणि वरून वाळली तरी आतील ओल बराच काळ टिकवते. पावसाळ्यात शेतरस्त्यावर फिरलेली गाडी तशीच उभी ठेवली, तर तिचा तळ महिनोन् महिने ओल्या मातीच्या सहवासात राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगून सांधा उघडतो व पाण्याला नवी वाट मिळते.

आधी निदान

वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीवर विश्वास ठेवू नये. तळावरील रबरी चटया आणि आसने काढून पत्रा उघडा करावा. टोकदार टोच्याने ठिकठिकाणी दाबून पाहावे. टोच्या आत शिरला तर तो पत्रा गेला असे समजावे. बाहेरील भागावर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर असतो. दाराखालची पोकळ पट्टी, मडगार्डची आतील कड, दाराचा खालचा भाग आणि डिकीचा तळ ही ठिकाणे प्रथम तपासावीत.

जीपच्या बाबतीत आणखी दोन जागा महत्त्वाच्या आहेत. युद्धकालीन जीपच्या तळाखालील आधारपट्ट्यांमध्ये लाकूड बसवलेले असे. हे लाकूड पाणी शोषून घेते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. तसेच तिची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली, तळातील खोलगट भागात असते. तेथे पाणी साचून तो भाग हमखास गंजतो.

दोन गाड्या, दोन पद्धती

जीपचा सांगाडा स्वतंत्र असतो आणि बॉडी त्यावर बोल्टांनी कसलेली असते. बोल्ट सोडवून बॉडी उचलता येते, उलटी करून निवांत काम करता येते. फियाटची रचना वेगळी आहे. तिला स्वतंत्र सांगाडा नाही. तळ, दाराखालच्या पट्ट्या आणि छत मिळूनच गाडीचा भार वाहतात. त्यामुळे फियाटचा तळ एकदम कापून काढला तर गाडी मध्यभागी खचते आणि नंतर दारे लागत नाहीत.

म्हणून फियाटमध्ये प्रथम दारांच्या चौकटींत लोखंडी नळ्यांचे तात्पुरते आधार टाके मारून बसवावेत. चौकटीची कर्णमापे लिहून ठेवावीत. गाडी समतल जमिनीवर पक्क्या टेकूंवर उभी करावी. मग एका वेळी एकच बाजू कापावी, ती पूर्ण करून मापे पडताळावीत व त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात घालावा.

कापणे आणि जोडणे

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात व पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवावी. रिकामी टाकीही सुरक्षित नसते. तिच्यातील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक ठरू शकते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने घासताना मुखपट्टी वापरावी.

गंजलेला भाग निरोगी चकाकता पत्रा लागेपर्यंत कापावा. तळासाठी 18 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर जाडीचा, आणि बाहेरील भागासाठी 20 गेजचा, सुमारे 0.9 मिलिमीटरचा पत्रा सर्वसाधारणपणे योग्य ठरतो. मूळ पत्र्यातील उभे खोलगट पन्हाळ नव्या तुकड्यातही उठवावेत; पत्र्याला ताठपणा त्यांच्यामुळेच येतो. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, त्यामुळे मिग वेल्डिंग बरे. सलग रेघ न ओढता दूरदूर टाके मारावेत, पत्रा थंड होऊ द्यावा आणि मग मधली अंतरे भरावीत. गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकणे ही स्वस्त वाटणारी पद्धत सर्वांत महाग पडते, कारण दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि नवा पत्राही आतून कुजतो.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावण लावावे, सूचनेप्रमाणे स्वच्छ करावे व पूर्ण वाळवावे. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि शेवटी खालून संरक्षक लेप असा क्रम ठेवावा. पोकळ पट्ट्यांत मेणयुक्त द्रव फवारावा. पाणी निघून जाण्याची मूळ भोके मात्र कधीही बुजवू नयेत.

कामासाठी दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम. पावसाळ्यात उघडा पत्रा काही तासांतच लालसर होतो, तर मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे गेला की रंग पसरण्याआधीच वाळतो.

कायद्याची बाजू

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीसाठी 20 हजार व फेरनोंदणीसाठी 5 हजार रुपये शुल्क त्या नियमांत ठरले. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल यांसारख्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वा व्यावसायिक वापराला मुभा नाही. शिवाय वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे.

म्हणूनच पत्रा बदलताना मूळ आकार, मूळ सांधे आणि मूळ मापे राखणे केवळ हौसेचा विषय राहत नाही. जीप मागून लांबवणे किंवा फियाटचा तळ सपाट पत्र्याने झाकणे गाडीची ओळखच पुसू शकते. सांगाड्यावरील क्रमांक घासला जाणार नाही याची दक्षता घ्यावी आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे जपून ठेवावीत.

आसने आणि आसनपट्टे शेवटी याच तळाला कसलेले असतात. अपघाताच्या क्षणी प्रवाशाला धरून ठेवतो तो हा पत्रा. वरचा रंग नव्हे. खर्चाला मर्यादा असेल तर रंगाचे काम पुढच्या वर्षावर ढकलावे, तळाचे नाही.