लोखंडाचा रंग

आमच्या गावात बाजारपेठ संपते तिथे चिंचेखाली लोहाराचे दुकान होते. दुकान म्हणजे चार मेढींवर पत्रे, मध्ये भट्टी, शेजारी भाता आणि लाकडी ओंडक्यात बसवलेली ऐरण. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उभा राहायचो. लोहारकाका नांगराचा फाळ भट्टीतून बाहेर काढायचे, त्याच्याकडे क्षणभर बघायचे. कधी लगेच घाव घालायचे, तर कधी काही न बोलता तो पुन्हा निखाऱ्यांत खुपसायचे. "अजून झालं नाही हे कसं कळतं?" मी एकदा विचारले. "रंग बघायचा," ते म्हणाले. मी बघितला. मला दोन्ही वेळा लालच दिसला.

हे आठवायचे कारण माझ्या एका मित्राचा मुलगा. तो आयटीआय झालेला, नोकरीला लागलेला. सुटीच्या दिवशी घरामागे लोहारकाम शिकतो. गुरू नाही आणि घाईही नाही. रुळाचा तुकडा ही त्याची ऐरण, विजेचा पंखा हा भाता, ट्रकची जुनी कमानपट्टी हे लोखंड. पहिला विळा त्याने लालबुंद तापवून पाण्यात बुडवला आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवायला आणला. तो हातातून फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. "काका, पुस्तकात लिहिलंय तस्संच केलं होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

पुस्तक वाचून लोहारकाम शिकण्याचा हा खटाटोप आजचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जोसेफ मॉक्सन नावाचा गृहस्थ होता. जन्म १६२७ चा. धंदा छपाईचा, शिवाय नकाशे आणि पृथ्वीचे गोल बनवण्याचा. १६७८ साली त्याने हातकामाच्या धंद्यांवर दर महिन्याला एक छोटा अंक काढायला सुरुवात केली. आजच्या भाषेत त्याला पुरवणीच म्हणा ना! पहिला विषय कोणता घेतला, तर लोहारकाम. सुतार असो की कातारी, प्रत्येकाची हत्यारे लोहाराच्या भट्टीतूनच येतात, म्हणून त्याने आरंभ तिथून केला. भट्टी कशी बांधावी, कानस कशी धरावी, बिजागरी, कुलूप आणि स्क्रू कसे करावेत, हे सारे त्याने साध्या भाषेत लिहिले.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय असा धंदा करता येत नसे. धंद्यातल्या युक्त्या उस्तादाने उमेदवाराला सांगायच्या, बाहेर फोडायच्या नाहीत, अशी रीत होती. मॉक्सनने त्या वाचता येणाऱ्या कुणाच्याही हातात दिल्या. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. असा मान मिळालेला तो पहिला कारागीर-दुकानदार.

रंगाचा प्रश्न त्यालाही पडलेला दिसतो. लोखंडाच्या तापाचे त्याने प्रकार पाडले. वस्तूला आकार आलेला आहे, पृष्ठभाग तेवढा सारखा करायचा आहे, तर रक्तासारखा लाल ताप पुरे. आकार द्यायचा तर पांढऱ्या ज्वाळेसारखा ताप हवा. आणि दोन तुकडे ठोकून एकजीव करायचे तर ठिणग्या उडू लागेपर्यंत तापवायचे. इतके नेमके लिहूनही हा प्रामाणिक माणूस कबूल करतो की हाताची करामत शब्दांनी शिकवता येत नाही, ती सरावानेच येते. शब्दांवर जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला ही कबुली फार आवडते. शब्द कुठे थांबतात हे ठाऊक असूनही तो लिहीत राहिला.

पुढे त्याचे अंक बंद पडले. राजाला मारण्याचा कॅथलिकांचा कट शिजतो आहे, अशा आवईने तेव्हा लंडन पेटले होते. आपली मोजकी गिऱ्हाइके त्या गडबडीत गेली, असे मॉक्सननेच नंतर लिहून ठेवले आहे. राजकारणापुढे लोहारकामाच्या लेखमालेचे काय चालणार! काही वर्षांनी त्याने पुन्हा उचल खाल्ली, ती छपाईच्या धंद्यावर लिहिण्यासाठी.

आपल्याकडे उमेदवारीला कायद्याची गरजच नव्हती, जन्म पुरेसा होता. लोहाराचा पोरगा चालू लागला की भात्याशी बसायचा. भाता ओढता ओढता डोळा तयार व्हायचा, मग सांडशी हातात यायची, आणि घण कितीतरी वर्षांनी. घरच शाळा होती, पण त्या शाळेचे दार दुसऱ्या जातीच्या पोराला बंद होते. घिसाड्यांच्या बायका तर आजही रस्त्याकडेला घण घालताना दिसतात, तरी धंद्याचा मान मात्र पुरुषाचा. माझी दादी सांगायची की हजरत दाऊद यांच्या हातात लोखंड मऊ होत असे. चिलखत करण्याची विद्या त्यांना अल्लाने दिली, असे कुराणातही आहे. त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना शिकवायला बाप नाहीतर मामा लागतो.

आणि बाप किंवा मामा राहिला नाही तर? दख्खनच्या पोलादाचे तेच झाले. आजच्या तेलंगणात, म्हैसूरकडे आणि आणखी दक्षिणेला मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा घालून, तोंड बंद करून, तासन्‌तास तापवून हे पोलाद काढत. कानडीत पोलादाला उक्कू म्हणतात, त्याचेच इंग्रजांनी 'वूट्झ' केले. १७९४ साली हेलेनस स्कॉट या कंपनीच्या डॉक्टरने मुंबईहून त्याचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. हे पोलाद मोठे हट्टी. मॉक्सनचा पांढरा ताप दिला तर घणाखाली त्याचा भुगा होतो. मंद लाल असतानाच, बेताने ठोकावे लागते. पुन्हा रंगाचाच खेळ!

पुढे त्याचा उलगडा करायला मायकेल फॅरेडे बसला. विजेच्या शोधांमुळे जग त्याला ओळखते, पण तो लोहाराचा मुलगा होता. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवार राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. १८१९ पासून त्याने स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर दख्खनी पोलादावर प्रयोग केले. त्यातले रहस्य काही हाती लागले नाही. ॲल्युमिनियममुळे हा गुण येत असावा, हा त्याचा अंदाज चुकला. ज्यांना खरे ठाऊक होते ते दख्खनमध्ये भट्ट्या पेटवत होते, पण त्यांच्या हातात लेखणी नव्हती. विलायती स्वस्त पोलाद आले, कोळशासाठी रान तोडणे अवघड झाले, आणि एकोणिसाव्या शतकात त्या भट्ट्या विझत गेल्या. त्यांच्याबरोबर डोळ्यांत साठलेले रंगही गेले.

ते परत मिळवण्यात मोठा वाटा एका नालबंदाचा आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात अल्फ्रेड पेंड्रे घोड्यांना नाल ठोकायचा आणि आपल्या भट्टीत मुशी तापवून जुन्या पोलादाचा शोध घ्यायचा. त्याला जॉन व्हर्होव्हेन हा धातुशास्त्राचा प्राध्यापक भेटला. एकाने ठोकायचे, दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, असे वर्षानुवर्षे चालले. जुन्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, ती लोखंडातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अंशामुळे आणि पुन्हा पुन्हा बेताने तापवून ठोकल्यामुळे, असे त्यांनी १९९८ मध्ये मांडले. पेंड्रे २०१७ साली वारला.

मित्राच्या मुलाचा विळा का फुटला, हे मला आता सांगता येते. पाणी दिल्यावर पाते पुन्हा हलके तापवून त्याचा कडकपणा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा असे रंग सरकत जातात. नेमका कुठे थांबायचे, ते मात्र मला सांगता येत नाही. म्हणून मी त्याला आठवडी बाजारात बसणाऱ्या घिसाड्याकडे नेले. त्याची बायको भात्यावर होती. घिसाड्याने पाते निखाऱ्यावर धरले, पिवळी झाक सरकू लागली. "आता?" पोराने विचारले.

"थांब जरा," बाई म्हणाली. तिने पात्यावरची नजर काढली नव्हती.